कुलपातला संडास

शिट्टी वाजली तशा रस्त्याच्या कडेला बसलेल्या सगळ्या बायका एकदम उठून उभ्या राहिल्या. मी तेवढी बसून राहिले. मला आठवा महिना लागला होता, जमिनीला हात टेकल्याशिवाय उठता येत नव्हतं, आणि तिथल्या जमिनीला हात टेकायचा म्हणजे काय, हे तो रस्ता पाहिलेल्यांनाच कळेल. शेवटी शेजारच्या शेवंताकाकूने माझ्या काखेत हात घालून मला वर ओढलं.

नुकतं फटफटत होतं. शाळेमागचा कच्चा रस्ता, दोन्ही बाजूंना घाणेरीची झुडपं माजलेली, आणि ओळीने उभ्या आम्ही बायका, हातात टमरेलं, पदर हनुवटीपर्यंत ओढलेले. समोरून बॅटरीचा झोत आला आणि एकेकीच्या अंगावरून फिरत पुढे सरकला.

"बायांनो, गावाची अब्रू अशी उघड्यावर मांडताना काईच वाटत न्हाई?"

तो आवाज माझ्या ओळखीचा होता. शिट्टी फुंकणारा माणूस माझा बाप होता.

आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. गावच्या स्वच्छता मंडळाचे ते अध्यक्ष. रोज पहाटे शिट्टी गळ्यात अडकवून ते उघड्यावर बसणाऱ्यांना उठवायला निघत, आणि त्या फेरीला गुड मॉर्निंग पथक असं झोकदार नाव होतं. मागून ग्रामसेवक भाऊसाहेब पाटीत गुलाबाची फुलं घेऊन येत. शिव्या दिल्या तर लोक अंगावर येतात, फूल दिलं तर शरमतात, असं त्यांना कुठल्याशा शिबिरात शिकवलं होतं.

तात्या एकेकीच्या हातात फूल देत माझ्यापाशी आले. माझ्या तोंडावर पदर होता, बोलायची सोय नव्हती.

"घे ताई. उद्यापासनं घरच्या संडासात जायचं. शब्द दे."

मी मान हलवली. त्यांनी बॅटरी खाली केली, माझ्या पोटाकडे पाहिलं आणि मागे वळून म्हणाले, "भाऊसाहेब, दोन जिवाची बाई हाय बघा. हिच्या घरची मानसं कसली म्हनायची?"

"अज्ञान, दुसरं काय," भाऊसाहेब म्हणाले.

शेवंताकाकूने पदराचा बोळा तोंडात कोंबला. तिचे खांदे हलत होते. मला मात्र हसू आलं नाही आणि रडूही आलं नाही. एका हातात टमरेल, दुसऱ्या हातात गुलाब, पायाशी कालची-परवाची घाण आणि तिच्यावर घोंघावणाऱ्या माशा. मला भडभडून आलं आणि पथक वळणाआड जाताच मी तिथेच ओकले.

मला किळस फार. लहानपणापासूनच. पण त्या सकाळी जी किळस आली ती रस्त्याची नव्हती. रस्ता बिचारा जसा होता तसा होता.

कारण आमच्या घरी संडास होता. नुसता होता असं नाही, पंचक्रोशीत तसा दुसरा नव्हता. परसात आंब्याखाली बांधलेला, आत छातीइतकी निळी फरशी, बाहेरून गुलाबी रंग, दारावर रंगाऱ्याकडून काढून घेतलेली वेलबुट्टी. उद्घाटनाला नारळ फोडला होता आणि चौकटीला हळदकुंकू लावलं होतं. आणि कडीला हातभर साखळी घालून त्यात पितळी कुलूप.

पहिल्या बाळंतपणाला मी कराडहून माहेरी आले, त्या दिवशीच मी तात्यांना विचारलं होतं.

"तात्या, किल्ली कुठाय?"

"कशाची?"

"संडासाची."

"कशाला पायजे?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. संडासाची किल्ली माणूस कशाला मागतो, हे बापाला कसं समजावून सांगायचं ते मला सुचेना.

"जायचंय मला."

"मग टमरेल घे की. तुझी आई हाय संगं." ते इतक्या सहज बोलले की मला वाटलं, थट्टा करताहेत. "ते समितीसाठी राखलंय, उजे. एकदा का वापर सुरू झाला की राहती का चकाकी? समिती येऊन बघून जाऊ दे, मग काय ते घर तुमचंच हाय."

समिती म्हणजे स्वच्छ गाव स्पर्धेची तपासणी समिती. आमचं गाव तालुक्यात पहिलं आलं होतं आणि आता जिल्ह्याचे लोक बघायला यायचे होते. कधी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आज येणार, सोमवारी येणार, करता करता महिना लोटला. तात्या रोज दुपारी चपला बाहेर काढून आत जात, फिनेलच्या बोळ्याने फरशी पुसत, उदबत्ती लावत आणि पुन्हा कुलूप घालत. गावातल्या बाकीच्यांनी संडासात गोवऱ्या भरल्या होत्या, सरपण रचलं होतं, एकाने तर कोंबड्या ठेवल्या होत्या. त्यांच्यावर तात्यांचा भारी राग. "सरकारनं बांधून दिलं आन यांनी वाटुळं केलं," असं ते चारचौघांत म्हणत आणि वर आमच्या संडासाचा दाखला देत. आमच्या संडासात एक थेंबही सांडलेला नव्हता, हे खरंच होतं.

सासरी आमच्या दोन खोल्यांत संडास होता. जुना, पोपडे निघालेला, पत्र्याच्या दाराचा. तिथे त्याचा कुणाला अभिमान नव्हता आणि कुणाला विचारही करावा लागत नव्हता.

माहेरी येऊन काही दिवस झाले नाहीत तोच मी पाणी तोडलं. ठरवून नाही, आपोआपच. दिवसा उजेडी बाहेर जायची सोय नाही, म्हणून सकाळी घोटभर, दुपारी घोटभर. लघवीला जळजळायला लागलं, पाय सुजले, अंगात कणकण राहू लागली. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि मलाच रागे भरल्या.

"पाणी पीत नाही का तुम्ही? आणि तुंबवून ठेवता. अशाने दिवस भरायच्या आत बाळंत व्हाल, मग त्या जिवाचं काय? भरपूर प्यायचं, पोटभर जेवायचं आणि लागेल तेव्हा जायचं. समजलं?"

समजलं होतं. बाहेर बाकावर शेंगा सोलत बसलेल्या तात्यांना मी हे सगळं परतीच्या एस.टी.त सांगितलं. ते मन लावून ऐकत होते. ऐकून झाल्यावर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "यील गं आता समिती. थोडा दम धर."

तर त्या गुलाबाच्या सकाळी मी घरी आले ती तडक त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. ते ओसरीवर चहा पीत होते.

"शाळेमागं पोटुशी बाई होती ना, ती मी होते."

तात्यांचा कप ओठाशी थांबला. क्षणभर मला वाटलं, आता हा माणूस उठेल आणि ते कुलूप काढेल. खरंच वाटलं. बापाकडून माणसाची आशा लवकर सुटत नाही.

"मग बोलायचं न्हाईस का?" ते म्हणाले. "भाऊसाहेबांना कळलं न्हाई न्हवं? बरं झालं पदर हुता." मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, "आन आता कशाचं. सांगावा आलाय. उद्या दुपारी येतीया समिती."

त्यांच्या मिशीला चहाची साय लागली होती. मला त्या मिशीची, त्या कपाची, त्या पांढऱ्याधोप कपड्यांची अशी शिसारी आली की मी तिथून निघून चुलीपाशी आईजवळ जाऊन बसले.

आई कमी बोलणारी. हिराबाईंच्या तोंडात जीभ आहे की नाही, असं गावात म्हणत. पण गावात तिला मान मोठा होता आणि तो एका गोष्टीसाठी. ती एकभुक्त होती. लग्न होऊन आल्यापासून तिने संध्याकाळचं अन्न शिवलं नव्हतं. दुपारी एकदा जेवायचं, मग दुसऱ्या दिवशी दुपारी. हळदीकुंकवाला आलेल्या बायका तिच्या पाया पडत. तात्या पाहुण्यांना सांगत, "आमच्या मंडळींचं व्रत म्हंजे व्रत. दुखणं आलं तरी मोडलं न्हाई." मीही मैत्रिणींना मोठ्या ऐटीत सांगितलेलं आहे.

त्या दिवशी संध्याकाळी मला फार भूक लागली होती. पोटातलं पोर दिवसभर लाथा मारत होतं. आईने भाकरी थापल्या आणि माझ्या ताटात अर्धीच टाकली.

"अजून घाल की."

"रातचं बेतानं खा. पाणीबी आत्ता नगं."

"आई, उपास तुझा आहे. मला कशाला तुझ्या व्रतात ओढतेस?"

ती तव्यावरची भाकरी उलटत होती. उलटून झाली, फुगली, तिने ती पाटीत टाकली.

"कसलं व्रत," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"नवी नवरी हुते. एकदा रातचं पोट बिघडलं. तुझ्या आजीला उठवलं. ती म्हनली, आता कुठं जातीस अंधाराची, धर दम. न्हाई धरवला. लुगड्यातच झालं." ती हे सगळं मीठमिरचीचं सांगावं तसं सांगत होती. "सकाळी वड्यावर धुवाय गेले तर बाया नाक दाबून हसल्या. तवापासनं रातचं खाल्लंच न्हाई. न खाल्लं म्हंजे काई हुत न्हाई. सासूबाई म्हनल्या, कुनाचा उपास? म्या म्हनलं, देवाचा. तेवढंच बरं दिसलं."

"आणि तात्यांना?"

"त्यांनी इचारलंच न्हाई कवा."

मी पुढ्यातल्या अर्ध्या भाकरीकडे बघत बसले. आम्ही सगळे, मी, तात्या, पाया पडणाऱ्या बायका, इतकी वर्षं एका उपाशी बाईच्या कौतुकावर जगलो होतो. मला घास गिळवेना. आई माझ्याकडे बघत होती, आणि मी ताट सारलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर असं काहीतरी आलं जे मी आधी कधी पाहिलं नव्हतं. तिला राग आला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी जीप आली. अंगण शेणाने सारवून वर रांगोळी, पाण्याच्या माठावर नवं कोरं ओगराळं, मोरीजवळ साबणदाणीत नवी साबणवडी. समितीत एक मॅडम आणि दोन साहेब होते. मॅडमनी माठ पाहिला, चुलीचं धुराडं पाहिलं, साबणदाणीशी थांबल्या.

"साबणाचा कागद काढलेला नाही?"

"आजच बदलली, मॅडम," तात्या म्हणाले. "जुनी कालच संपली."

मग सगळे परसात गेले. तात्यांनी सकाळीच साखळी आणि कुलूप लपवून ठेवलं होतं. दार सताड उघडं, आत उदबत्तीचा वास. गावातली बरीच माणसं कुंपणापाशी गोळा झाली होती. भाऊसाहेब पुढे होऊन फरशीची तारीफ करत होते.

"वापर कोण कोण करतं?" मॅडमनी विचारलं.

"समदं घर. रोज, मॅडम. माझी लेक बाळंतपणाला आलीया, तिची सोय झाली म्हंजे लई समाधान वाटतं."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मागून कुणीतरी माझं मनगट धरलं. आई होती. तिच्या दुसऱ्या हातात पाण्याने काठोकाठ भरलेली बादली होती. मला ओढत ती अंगणातून, रांगोळीतून, माणसांतून सरळ निघाली. बादलीतलं पाणी हिंदकळून साहेबांच्या बुटांवर उडालं.

"सरका जरा," ती म्हणाली. "माझ्या लेकीला जायचंय."

"अगं ए," तात्या दबक्या आवाजात म्हणाले, "आत्ता?"

"आत्ता."

तिने मला आत ढकललं, बादली ठेवली आणि दार ओढून घेतलं. मी कडी लावली. बाहेर एवढी माणसं, आणि आत मी त्या निळ्या फरशीत एकटी. लाज वाटायला हवी होती. पण मी सकाळपासून तुंबवून धरलं होतं, महिनाभर धरलं होतं, आणि बसल्यावर मला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांतून पाणी आलं. बाहेर तात्या शोषखड्ड्याची माहिती मोठमोठ्याने सांगत होते.

मी बाहेर आले. आईने मोरीवरची साबणवडी उचलली, सगळ्यांसमोर तिचा कागद टराटरा फाडला आणि ती माझ्या हातात दिली. मग दुसरी बादली भरून घेतली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि स्वतः आत गेली.

ती लवकर बाहेर आली नाही. साहेब आंब्याकडे बघत राहिले. मॅडम माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "हे नेहमी उघडं असतं का?"

"आमच्यासाठी आज पहिल्यांदाच उघडलं," मी म्हणाले. "रोज कुलूप असतं. आम्ही शाळेमागं जातो. काल मला तिथं माझ्याच वडिलांनी फूल दिलं."

मला वाटलं, ही बाई आहे, हिला कळेल. तिला कळलंही होतं, तिच्या डोळ्यांत दिसलं. तिने एकदा तात्यांकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे. मग माझ्या दंडावर थोपटून म्हणाली, "गावाचं एवढं चांगलं चाललंय. राहू दे ना ताई. वापरात आहे, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंच की." आणि ती पुढच्या घराकडे चालू लागली.

त्या वर्षी आमच्या गावाचा जिल्ह्यात पहिला नंबर आला, हे आत्ताच सांगून टाकते. तात्यांचा शाल घालून सत्कार झाला. वीस वर्षं झाली, तो फोटो अजून ओसरीवर आहे.

समिती गेली तसे तात्या परसात गेले. मी म्हटलं, आता तरी सुटलो. थोड्या वेळाने फिनेलचा वास आला. मी जाऊन पाहिलं तर ते गुडघ्यांवर बसून भांडं घासत होते, जणू आम्ही दोघींनी विटाळच केला होता. घासून झालं, फरशी कोरडी पुसली, उदबत्ती लावली. मग कोपऱ्यातून साखळी काढली आणि कुलूप घातलं.

"तात्या, समिती येऊन गेली."

"जिल्ह्याची गेली," ते कपाळाचा घाम पुसत म्हणाले. "नंबर लागला तर विभागाची यील. भाऊसाहेब म्हनले, तयारीत ऱ्हावा."

त्यांचा चेहरा दमलेला आणि समाधानी होता. त्यांना खरोखर काहीही कळलं नव्हतं. मी पुन्हा ओकेन की काय, असं मला वाटलं.

आई मागे येऊन उभी राहिली होती. ती घरात गेली आणि पिशवी घेऊन बाहेर आली. पिशवीत तिची दोन लुगडी होती आणि माझे कपडे.

"कराडची गाडी गेली न्हाई अजून," ती मला म्हणाली. "चल."

"कुठं निघाला?" तात्या म्हणाले.

"हिच्या घरी. तिथंच हुईल हिचं बाळंतपण."

"येड लागलं का? पयलं बाळंतपण म्हायेरीच असतंय. आन तू तिथं जाऊन काय करनार? नातवंड झाल्याबिगर लेकीच्या घरचं पानीबी पीत न्हाईत, ठावं हाय न्हवं?"

"ठावं हाय," आई म्हणाली. "पर तिथं पानी प्यालं तर जायाला जागा हाय."

तात्यांनी गावाचं नाव, लोक काय म्हणतील, समितीच्या तोंडावर घरात हे असं, बरंच काही काढलं. आई तोवर फाटकातून बाहेर पडली होती. सबंध रस्ताभर ती माझ्यापुढे चार पावलं चालत होती आणि तिने मागे वळून एकदाही बघितलं नाही.

कराडला पोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. आम्हाला दारात बघून सासूबाई दचकल्या, पण त्यांनी आम्हाला आत घेतलं. आमचे हे एस.टी.च्या वर्कशॉपातून अजून यायचे होते. आई हातपाय धुवायला मागे गेली. पत्र्याच्या दाराची कडी वाजली, पाण्याचा आवाज झाला, आणि बऱ्याच वेळाने ती पदराला हात पुसत आली आणि माझ्या शेजारी पाटावर बसली. सासूबाईंनी मला ताट वाढलं आणि तिच्यापुढे तांब्या-भांडं ठेवलं.

"विहीणबाई, तुमचं एकभुक्त ना? दूध देऊ का गरम करून?"

"भाकरी वाढा," आई म्हणाली.

सासूबाई माझ्याकडे बघू लागल्या. मी मान हलवली. त्यांनी भाकरी वाढली, आमटी वाढली, कांदा फोडून दिला. आईने आधी तांब्याभर पाणी घटाघटा पिऊन टाकलं. मग ती जेवू लागली. घाईने नाही, हावरटपणाने नाही, एकेक घास नीट चावून. मी माझं ताट विसरून तिच्याकडे बघत होते. बावीस वर्षांची होते मी, पोटात माझंच मूल होतं, आणि माझ्या आईला संध्याकाळी जेवताना मी पहिल्यांदा पाहत होते. मला तात्यांचा कधी आला नव्हता एवढा राग आला.

आईचं लक्ष नव्हतं. तिने दुसरी भाकरी संपवली, तिसरी घेतली. ती अर्धी झाली तेव्हा तिने पाटीकडे पाहिलं. पाटी रिकामी होती.

"विहीणबाई," ती म्हणाली, "पीठ हाय न्हवं अजून?"